पहिली परदेशवारी, थेट कोस्टा रिका

मध्य अमेरिकेबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक कोस्टा रिकावरची आहेत. कारण उघड आहे. मुलं अमेरिकेत, आईवडील त्यांच्याकडे निघालेले, आणि तिथून साडेतीन-चार तासांच्या उड्डाणावर हा हिरवा देश. क्षेत्रफळ साधारण 51,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. 1948 साली या देशाने सैन्यच बरखास्त केलं. पर्यटकाला मध्य अमेरिकेतला हा त्यातल्या त्यात सोपा देश. तरी पहिल्याच खेपेला जाणाऱ्यांचे पाय अडकतात ते कागदपत्रांत आणि अंतरांच्या हिशेबात, म्हणून उत्तरांचा भर तिथेच आहे.

प्रश्न (नाशिक): आम्ही दोघं मार्चमध्ये मुलाकडे ह्यूस्टनला जात आहोत. आमचा हा पहिलाच परदेश प्रवास. मुलगा म्हणतो, मध्ये आठ-दहा दिवस सगळे मिळून कोस्टा रिकाला जाऊ. वेगळा व्हिसा काढावा लागेल का?

उत्तर: तुमचा अमेरिकेचा पर्यटक व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असेल आणि सहलीच्या काळात त्याची मुदत चालू असेल, तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही. व्हिसाच्या पानावर ‘एन्ट्रीज’च्या रकान्यात ‘एम’ हे अक्षर आहे ना, ते आजच बघा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. कोस्टा रिकातून बाहेर पडण्याचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता छापील कागदावर जवळ ठेवा. हे तिकीट अनेकदा विमान कंपनीच बोर्डिंग पास देण्याआधी मागते, आणि तिथे अडलात तर राजधानी सान होसेपर्यंत पोचायचा प्रश्नच उरत नाही. तिथे उतरल्यावर अधिकारी किती दिवस राहता येईल ते ठरवतो आणि तेवढेच दिवस तुमचे.

पण तुमच्यापेक्षा मुलाचे कागद जास्त काळजीने तपासा. नोकरीच्या एच-1बी व्हिसावर असलेल्या अनेकांच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला असतो. त्यांच्याकडे मुदतवाढीचं मंजुरीपत्र असतं आणि अमेरिकेत राहायला तेवढं पुरतं. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना मात्र जिवंत शिक्काच लागतो. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन येणाऱ्यांना यात सवलत आहे, कोस्टा रिकासाठी नाही. शिक्का संपला असताना मुलगा तुमच्याबरोबर आला, तर नवा शिक्का मिळेपर्यंत तो परत जाऊ शकणार नाही. कोस्टा रिकात शिरतानाही संपलेला शिक्का किंवा नुसतं मंजुरीपत्र चालत नाही. त्यामुळे तिकिटं काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाचा शिक्का, मुदत, प्रवेशांची संख्या एका कागदावर लिहून काढा. सूनबाई आणि नातवंडांचेही.

तुम्ही ह्यूस्टनला परतलात की तिथला अधिकारी पुन्हा चौकशी करून राहण्याची मुदत ठरवतो. दहा दिवस बाहेर जाऊन आलो म्हणजे सहा महिने नव्याने मिळाले, असं गृहीत धरू नका. भारतात परतायचं तिकीट हाताशी असू द्या. अमेरिकेसाठी घेतलेला आरोग्य विमा कोस्टा रिकात चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. नुसत्या फोनवरच्या ‘हो’वर जाऊ नका.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. भारतातून थेट जायचं तर कसं? पनामा जवळच आहे, तोही बघून यावा असा विचार आहे.

उत्तर: भारतातून थेट विमान नाही. अमेरिका, कॅनडा किंवा युरोपचा चालू व्हिसा हाताशी नसेल, तर कोस्टा रिकाच्या नवी दिल्लीतल्या दूतावासातून व्हिसा घ्यावा लागतो. तो हाती येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका, आरक्षणच दाखवा.

अमेरिकेमार्गे जायचं मनातून काढून टाका. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, सामान घेऊन पुन्हा जमा करावं लागतं. युरोपातून माद्रिद, पॅरिस, ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट अशा शहरांतून सान होसेला उड्डाणं असतात, तो मार्ग सरळ. इथेही एक मेख आहे. काही युरोपीय देश भारतीय पासपोर्टधारकाकडे विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्यासाठीसुद्धा वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतात. देशागणिक नियम वेगळा आणि तो बदलतही असतो, म्हणून ज्या विमानतळावर उतरणार त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. मुंबई ते सान होसे एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर मधल्या विमानतळावर सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागेल, आणि त्यासाठी त्या देशाचा पूर्ण व्हिसा लागेल. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेणार नाही ते वेगळंच.

पनामाचा बेत करताना पिवळ्या तापाच्या लसीचा विचार आधी करा. पनामा हा भारत सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे, कोस्टा रिका नाही. पनामात राहून भारतात परतणाऱ्याकडे लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, खासगी दवाखान्याची चिठ्ठी चालत नाही. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये, त्या वयात दुष्परिणामांचा धोका वाढतो. आमचं मत विचाराल तर पहिल्या खेपेला एकच देश पुरे.

प्रश्न (ठाणे): नऊ दिवसांत सान होसे, पोआस, आरेनाल, मोंतेव्हेर्दे, मानुएल आंतोनियो, तोर्तुगेरो आणि कोर्कोवादो असा कार्यक्रम आखला आहे. जमेल ना?

उत्तर: नाही जमणार. नकाशावर बोटाने मोजलं तर सगळं जवळ दिसतं, पण देशाच्या मधोमध डोंगररांग आहे आणि बहुतेक रस्ते दोन पदरी. तासाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धरा. आरेनालच्या पायथ्याचं ला फोर्तुना गाव आणि मोंतेव्हेर्दे सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर आहेत, पण मध्ये आरेनालचं तळं. त्याला वळसा घालून गाडीने तीन ते चार तास जातात आणि काही भाग अजून खडीचा आहे. त्याऐवजी व्हॅन, मग होडीने तळं, मग पुन्हा व्हॅन अशी जोडसेवा मिळते. वेळ थोडा कमी, त्रास बराच कमी. हॉटेलातून आदल्या दिवशी सांगितलं तरी होतं.

तुमच्या यादीतून कोर्कोवादो आणि तोर्तुगेरो काढा. दोन्ही अप्रतिम आहेत, पण देशाच्या दोन टोकांना. कोर्कोवादोत परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. तोर्तुगेरोला रस्ताच जात नाही, बहुतेक जण ला पाव्होनाच्या धक्क्यावरून होडीने जातात. प्रत्येकी किमान तीन दिवस दिल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही.

उरलेल्या नऊ दिवसांची मांडणी अशी करा. पहिली रात्र विमानतळाजवळ आलाहुएलात. सान होसेचा विमानतळ खरं तर आलाहुएलातच आहे, शहरात शिरायची गरज नाही. आपल्यापेक्षा घड्याळ साडेअकरा तास मागे असल्याने पहिल्या दिवशी अंग साथ देत नाही. मग ला फोर्तुनाला तीन रात्री. आरेनाल ज्वालामुखी 1968 मध्ये फुटला आणि 2010 पर्यंत धुमसत होता. आता लाव्हा दिसत नाही, पण जुन्या लाव्ह्यावरच्या पायवाटा आणि गरम पाण्याचे झरे आहेत. पुढे मोंतेव्हेर्देला दोन रात्री, मानुएल आंतोनियोला दोन, शेवटची पुन्हा आलाहुएलात. पोआस करायचाच तर याच शेवटच्या मुक्कामातून सकाळी लवकर. त्याचं तिकीट आगाऊ घ्यावं लागतं आणि ज्वालामुखीची हालचाल वाढली की उद्यान बंद ठेवतात, म्हणून अख्खा बेत त्याच्याभोवती बांधू नका.

मोंतेव्हेर्दे साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर आहे. ढग जमिनीवर उतरलेले, सतत भुरभुर, रात्री स्वेटर लागतो. उष्ण देशात चाललोय म्हणून नुसते सुती कपडे घेऊन गेलेले लोक तिथे कुडकुडतात. या जंगलाला वाटाड्या घ्याच. पहिल्या दिवशी नुसती झाडं दिसतात, कारण पक्षी आणि प्राणी पानांच्या थरात वर असतात. वाटाड्याकडे तिपाईवरची दुर्बीण असते. दोन-अडीच तासांत तो जे दाखवतो ते स्वतः फिरून दोन दिवसांत दिसत नाही. पैसे वाचवायचे असतील तर झिपलाइनचे वाचवा, वाटाड्याचे नको.

मानुएल आंतोनियो उद्यान मंगळवारी बंद असतं. परदेशी प्रौढाचं तिकीट करासकट 18 डॉलरच्या आसपास आहे, ते सरकारी संकेतस्थळावरच मिळतं, पासपोर्ट क्रमांक आणि आत शिरायची वेळ निवडून. दारावर तिकीट मिळत नाही. रस्त्यात ओळखपत्रं लटकवलेले लोक गाडीला हात करून ‘पुढे पार्किंग नाही, इथेच लावा’ म्हणतात. ते उद्यानाचे कर्मचारी नसतात. न थांबता पुढे जा. आत खाऊची पाकिटं नेऊ देत नाहीत, दारात पिशवी तपासतात. माकडांनी पिशव्या पळवायला सुरुवात केल्यामुळे हा नियम आला आणि तो योग्यच आहे. कुठेही कोणी स्लॉथ, म्हणजे झाडाला लटकून राहणारा तो संथ प्राणी, हातात घेऊन फोटो काढा म्हणालं, तर काढू नका. अशा फोटोंविरुद्ध तिथल्या सरकारनेच 2019 मध्ये मोहीम उघडली होती.

प्रश्न (रत्नागिरी): मी शाळेत शिक्षिका आहे. सुट्टी फक्त मे महिन्यात आणि दिवाळीत मिळते. डिसेंबर ते एप्रिल हाच मोसम चांगला असं सगळीकडे वाचलं. मग आमच्यासारख्यांनी जाऊच नये का?

उत्तर: जरूर जा, किनारा बदला म्हणजे झालं. डिसेंबर ते एप्रिल हा पॅसिफिक बाजूचा कोरडा मोसम. मेमध्ये पाऊस सुरू होतो, पण तो कोकणातला दिवसदिवस लागून राहणारा पाऊस नव्हे. सकाळ लख्ख, दुपारी एक-दोनला ढग भरतात, तीन-चार तास धो धो कोसळतो आणि थांबतो. सूर्य वर्षभर साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणून सहाला बाहेर पडलात तर पाऊस येईपर्यंत सहा-सात तास हातात असतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात दर उतरलेले, गर्दी ओसरलेली आणि उन्हाळ्यात करपलेला ग्वानाकास्ते प्रांत नुकता हिरवा होऊ लागलेला असतो. रत्नागिरीच्या माणसाला पावसाची भीती काय घालायची!

दिवाळी ऑक्टोबरात आली तर मात्र पॅसिफिक किनारा टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वांत ओले महिने, दरडी कोसळून रस्ते बंद होतात. गंमत अशी की त्याच दोन महिन्यांत पलीकडच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, काउइता आणि पुएर्तो व्हिएखोकडे, पाऊस कमी असतो आणि समुद्र शांत. त्या दिवसांत तिकडे जा. तिथली वस्ती बरीचशी आफ्रिकी-कॅरिबियन वंशाची, स्वयंपाकात नारळाचं दूध. नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्यासारखा घेवडा आणि भात खाताना तुम्हाला परकं वाटणार नाही.

ईस्टरच्या आधीचा आठवडा कोणत्याही परिस्थितीत टाळा. त्या गुरुवारी-शुक्रवारी बस बंद, दुकानं बंद, आणि अख्खा देश समुद्रावर.

प्रश्न (सांगली): घरात दोघं पूर्ण शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. पंधरा दिवस काय खायचं?

उत्तर: नुसत्या शाकाहाराचं अडत नाही, कारण या देशाचं रोजचं जेवणच वरणभाताच्या जवळचं. सकाळी ‘गायो पिंतो’ म्हणजे काळ्या घेवड्याबरोबर परतलेला भात. दुपारी ‘कासादो’: भात, घेवडा, कोबीची कोशिंबीर, तळलेलं गोड पिकं केळं आणि एक मांसाचा पदार्थ. तो वगळून ‘कासादो वेजेतारियानो’ मागायचा. जागा शोधायची ती ‘सोदा’. सोदा म्हणजे घरगुती खानावळ, पेय नव्हे. अशा ठिकाणी कासादो साधारण साडेतीन ते पाच हजार कोलोनला (कोलोन हे तिथलं चलन) मिळतो.

फसायला होतं ते न दिसणाऱ्या गोष्टींत. घेवड्याला डुकराच्या चरबीची किंवा खारवलेल्या मांसाची फोडणी असू शकते. भातात कोंबडीच्या अर्काची पूड घालायची पद्धत आहे. ‘पिकादियो’ ही बारीक चिरलेल्या भाजीची आपल्यासारखीच कोरडी भाजी, पण तीत अनेकदा खिमा असतो. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय एवढंच म्हणालात तर हॅम किंवा ट्यूना घातलेलं ताट समोर येतं, कारण बोलीत ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन’. मांस, कोंबडी, मासे, हॅम काहीच खात नाही. आणि पुढे विचारा: ‘लोस फ्रिहोलेस येव्हान मांतेका दे सेर्दो?’ घेवड्यात डुकराची चरबी आहे का? ‘दे सेर्दो’ हे शब्द गाळू नका, कारण नुसतं ‘मांतेका’ वनस्पती तुपालाही म्हणतात. भातासाठी ‘कोन्सोमे दे पोयो’ आहे का, हे विचारायचं. अंडं म्हणजे ‘वेव्हो’.

सासूबाईंसाठी सोदाचा उपयोग नाही. गायो पिंतोत कांदा असतोच. त्यांच्यासाठी प्रत्येक गावी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, शोधताना ‘कोन कोसिना’ असं घाला. तांदूळ, काळा घेवडा, मसूर, बटाटे, कोबी, भोपळा, ‘चायोते’ ही दुधीसारखी लागणारी भाजी, कोथिंबीर हे सगळं साध्या दुकानात मिळतं. शनिवार-रविवारी गावोगाव ‘फेरिया’ म्हणजे आठवडी बाजार भरतो. तिथे ‘निस्पेरो’ दिसला तर घ्या. तो आपला चिकू आहे. डहाणू-घोलवडचा चिकू मुळात याच भागातून, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून, जगभर गेला. काजूच्या बोंडाला ‘मारान्योन’ म्हणतात आणि त्याचं सरबत करतात, गोवेकरांनी चव घेऊन बघावी.

घरून नेताना मसाले, हिंग, गोडा मसाला, भाजणी हे सीलबंद, नाव छापलेल्या पाकिटांतच न्या आणि फॉर्मवर जाहीर करा. ताजी फळं, कढीपत्ता, कच्ची कडधान्यं, बियाणं, दुधाचे पदार्थ नेऊ नका. शेतीची कीड येऊ नये म्हणून तपासणी कडक असते.

इलेक्ट्रिक कुकर किंवा किटली इथून नेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: तिथली वीज 120 व्होल्टची आहे. आपली 230 व्होल्टची किटली तिथे जेमतेम पाव शक्तीने तापते आणि भात शिजतच नाही. तो बिघाड नव्हे. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी प्रवासी किटली घ्या. मोबाइलच्या चार्जरवर ‘100-240’ छापलेलं असतं, त्याला फक्त चपट्या पिनांचा ॲडॉप्टर पुरतो.

प्रश्न (पुणे): गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावं? पुण्यात आणि घाटात गाडी चालवायची सवय आहे. इंटरनेटवर दिवसाला सात डॉलरला गाडी दिसते.

उत्तर: सात डॉलरवर विश्वास ठेवू नका. तिथे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने स्थानिकच घ्यावा लागतो. तो परदेशी संकेतस्थळाच्या किमतीत बहुधा धरलेला नसतो आणि काउंटरवर दिवसाला पंधरा-वीस डॉलर किंवा जास्त लागतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. कंपनीला ईमेल करून ‘सर्व सक्तीचे विमे आणि कर धरून एकूण किती’ हा आकडा लेखी मागवा, आणि उत्तराची छापील प्रत काउंटरवर दाखवा. चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. त्यावर हजार डॉलर किंवा अधिक रक्कम अडकवून ठेवतात, तेवढी मर्यादा मोकळी हवी. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारतात. भारतीय लायसन्स इंग्रजीत असल्याने पर्यटक म्हणून राहण्याच्या मुदतीत चालतं. मूळ लायसन्स आणि मूळ पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा.

घाटाची सवय उपयोगी पडेल, पण रस्त्याची बाजू उलटी आहे. चूक होते ती सरळ रस्त्यावर नव्हे, तर रिकाम्या चौकात वळताना आणि पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर ‘उजवी बाजू’ असं मोठ्याने म्हणायचं ठरवून घ्या. गाडी ऑटोमॅटिकच घ्या, म्हणजे उजव्या हाताने गिअर शोधण्यात लक्ष जाणार नाही. एकपदरी पूल पुष्कळ. ‘सेदा एल पासो’ ही पाटी तुमच्या बाजूला असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, तिथे हॉर्न वाजवून पुढे घुसायचं नाही. ‘आल्तो’ म्हणजे पूर्ण थांबा. साडेपाच-सहाला अंधार पडतो. डोंगरात रेघा पुसलेल्या, कडेला खोल गटारं आणि धुकं, म्हणून चारनंतर लांबचा रस्ता धरू नका. ओढ्यातून गाडी घालू नका, पाण्याने झालेलं नुकसान कुठलाच विमा देत नाही.

जेवायला थांबताना गाडीत सामान ठेवू नका, डिकीतही नाही. चोऱ्या बहुतेक अशाच होतात. विमानतळावरून निघताना टायर पंक्चर झाला आणि मदतीला लगेच कोणी धावून आलं, तर दारं बंद ठेवून सावकाश पुढच्या पंपापर्यंत जा. अपघात झाला तर गाडी जागची हलवायची नाही, 911 ला फोन करायचा आणि भाडे कंपनीला कळवायचं. आपल्या सवयीने गाड्या बाजूला घेतल्या तर विम्याचा दावा अडतो.

बस स्वस्त आहे. पण सान होसेत एक मध्यवर्ती स्टँड नाही, मार्गागणिक स्टँड वेगळे. ला फोर्तुना आणि मोंतेव्हेर्देच्या गाड्या ‘सिएते-दिएस’ म्हणजे 7-10 स्टँडवरून सुटतात, चार-पाच तास लागतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हॉटेल ते हॉटेल सामायिक व्हॅन घ्या, माणशी पन्नास-साठ डॉलर पडतात. चौघं असलात तर तेवढ्यात खासगी गाडी मिळते का ते आधी विचारा.

रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर फारसे नसतात. पत्ता म्हणजे ‘चर्चपासून 200 मीटर उत्तरेला, 50 मीटर पूर्वेला’. त्यात 100 मीटर म्हणजे एक चौक ते दुसरा चौक, टेपने मोजलेलं अंतर नव्हे. मुक्कामाचं ठिकाण नकाशात आधीच खूण करून ठेवा.

प्रश्न (डोंबिवली): पैसे कसे न्यावेत?

उत्तर: थोडे रोख डॉलर आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं. रोख 3,000 डॉलरपेक्षा जास्त भारतातून नेता येत नाही आणि तेवढी गरजही नसते. नोटा एक, पाच, दहा, वीसच्या घ्या, कोऱ्या. किंचित फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट दुकानदार परत करतो, शंभरची नोट लहान गावात मोडत नाही. कोलोनचा भाव डॉलरला पाचशेच्या आसपास असतो. दुकानातला भाव त्या दिवसाच्या दराशी ताडून बघा. स्थानिक नोटा प्लास्टिकच्या आहेत. रस्त्यावर कोणी जुनी कागदी नोट सुट्टे म्हणून दिली तर घेऊ नका, ती चलनातून गेली आहे.

डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर डॉलरमध्येच बिल करायला सांगा, नाहीतर चलनबदलाचा जादा आकार लागतो. साधं भारतीय क्रेडिट कार्ड असेल तर उलट, कोलोन निवडा. ‘रुपयांत भरायचं का’ असं मशीनने विचारलं तर नको म्हणा. जेवणाच्या बिलात 13 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क असतंच, वर टीप सक्तीची नाही. लाल टॅक्सीत मीटरला ‘मारिया’ म्हणतात. बसल्या बसल्या ‘ला मारिया, पोर फाव्होर’ म्हणा.

प्रश्न (जळगाव): वय 66, सहलीत मुलीबरोबर जाते आहे. शौचालय, आंघोळ, औषधं यांची अडचण होते का?

उत्तर: शौचालयात पाण्याचा फवारा नसतो. प्रवासात वापरायची पिचकारीची बाटली किंवा घडीचा मग न्या. बहुतेक ठिकाणी कागद भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ अरुंद असल्याने तुंबतात. साध्या हॉटेलात शॉवरच्या तोंडातच विजेचा हीटर असतो. ओल्या हाताने त्याला किंवा त्याच्या वायरला शिवू नका. पाणी जास्त गरम हवं असेल तर नळ थोडा बंद करा, धार बारीक झाली की तापमान वाढतं. नळाचं पाणी बहुतेक गावांत पिण्याजोगं आहे.

औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, अर्धी हातातल्या पिशवीत. डेंग्यूचे डास आहेत, अंगाला लावायचं मलम पहाटे आणि संध्याकाळी लावा. जंगलात घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि पायवाट सोडू नका. फुरशाच्याच कुळातला ‘तेर्सिओपेलो’ हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही. दंश झालाच तर बांधाबांध, कापाकाप न करता थेट दवाखाना. प्रतिसर्पविष याच देशात, क्लोदोमिरो पिकादो संस्थेत बनतं आणि रुग्णालयांत उपलब्ध असतं.

समुद्राबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. तिथे पर्यटक दगावतात ते मुख्यतः आत ओढणाऱ्या प्रवाहात. दोन फेसाळ लाटांच्या मध्ये पाणी शांत, गढूळ दिसतं, तोच तो प्रवाह. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग लाटांबरोबर बाहेर या. पोहता येत नसेल तर गुडघ्यापुढे जाऊ नका.

प्रश्न (मंडणगड): वेळासची कासवं लहानपणापासून पाहिली आहेत. कोस्टा रिकात कासवं कुठे आणि कधी बघावीत?

उत्तर: वेळासला येणारं ऑलिव्ह रिडली हेच कासव कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ओस्तिओनालला येतं. फरक संख्येचा. तिथे हजारो माद्या काही रात्रींत एकदम वर येतात, त्याला ‘आरिबादा’ म्हणजे आगमन म्हणतात. मोठी आगमनं पावसाळ्यात, साधारण ऑगस्ट ते डिसेंबर, आणि बऱ्याचदा कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या आसपास होतात. तारीख पक्की नसते, म्हणून नोसारा गावी तीन-चार दिवस मुक्काम ठेवून रोज वाटाड्यांकडे चौकशी करायची. गावकऱ्यांना पहिल्या साधारण दीड दिवसातली अंडी कायद्याने गोळा करता येतात. ऐकून धक्का बसतो, पण त्याच जागी मागून येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरतात आणि ती अंडी तशीही वाया जातात. त्या बदल्यात गाव उरलेला किनारा राखतं. वेळासच्या लोकांनी हे डोळ्यांनी बघण्याजोगं आहे.

हिरवं कासव बघायचं तर कॅरिबियन बाजूला तोर्तुगेरो, जुलै ते ऑक्टोबर. रात्री किनाऱ्यावर परवानाधारक वाटाड्याबरोबरच जाता येतं, आठनंतर ठरलेल्या पाळ्यांत. कपडे काळे किंवा गडद निळे. फोन, कॅमेरा, विजेरी काहीही चालत नाही. वाटाड्याकडे लाल प्रकाशाची विजेरी असते आणि मादी अंडी घालू लागेपर्यंत तो तुम्हाला झाडीतच थांबवून ठेवतो. वर चढत असताना उजेड दिसला तर ती अंडी न घालताच पाण्यात परतते. फोन खोलीवरच ठेवून निघा.